नागली घरात आणलीत, आता पुढचं

नाशिक-ठाण्याच्या ओळखीच्या बायका आमच्याकडून नागली, म्हणजे नाचणी, घेऊन जातात आणि आठवड्याभरात फोन येतो, "ताई, भाकर थापता थापता तुटते." दुसरा फोनही ठरलेला, "पोरं तोंड लावत नाहीत." मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. माहेर-सासर दोन्ही नागली पिकवणारं. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते, म्हणजे दरवेळी फोनवर पहिल्यापासून सांगायला नको.

पहिली गोष्ट, पीठ घेऊ नका, दाणा घ्या. नागलीला सहसा कीड लागत नाही, कोरडी ठेवली तर कित्येक वर्षं टिकते. कणगीत साठवलेल्या नागलीनं दुष्काळात घरं तगली ती त्यामुळेच. पीठ मात्र जुनं झालं की कडवटतं, म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच दळा. नवा दाणा दिवाळीनंतर बाजारात येतो. तेव्हा वर्षाची बेगमी केलेली बरी.

दळण्याआधी नागली रोळून घ्यायची. हे शहरात कुणी करत नाही आणि मग भाकर कचकचते. खळं कितीही सारवलेलं असलं तरी बारीक खडा दाण्यातून येतोच आणि तो दाण्याएवढाच असल्यानं चाळणीत सापडत नाही. मोठ्या पातेल्यात दाणे घ्या, भरपूर पाणी घाला, हातानं गरगर फिरवा आणि पाण्याबरोबर तरंगणारे दाणे दुसऱ्या भांड्यात ओतत राहा. खडा जड, तो खालीच बसतो. शेवटचं मूठभर सरळ फेकून द्या, त्याचा लोभ नको. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कापडावर पसरून कडकडीत वाळवा आणि मग चक्कीवर न्या. घरात कुणाला गहू चालत नसेल तर चक्कीवाल्याला आधी तांदूळ दळायला सांगा आणि मग तुमची नागली.

पीठ चाळू नका. भाताचं तूस काढावं लागतं, नागलीचं लाल साल दाण्यालाच चिकटलेलं असतं आणि आम्ही ते सालासकटच खातो. नागलीचं कॅल्शियम बरंचसं त्या सालात असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये काढलेल्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, पॉलिशच्या तांदळात 10 मिलिग्रॅमसुद्धा नाही. चाळून पांढरं-मऊ पीठ करणार असाल तर मग नागलीच कशाला?

आता भाकर. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे थंड पाण्यात मळलेलं पीठ तुटणारच. उकड काढा. वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, मीठ घालून खळखळ उकळू द्या, पीठ एकदम टाका, उलथण्यानं हलवा, झाकण ठेवा, गॅस बंद. हाताला सोसेल इतकं निवलं की ओल्या हातानं मळा. चांगलं पाच मिनिटं मळा, तळहाताच्या बुडानं रेटून. गोळा दाबला की कडेला भेगा पडत असतील तर अजून मळायचं आहे. भेग पडली नाही की थापायला घ्या. आमच्या बाया दोन्ही तळहातांवर पाण्याचा हात लावून फिरवत थापतात. तुम्ही परातीत थापा, काही बिघडत नाही. तवा चांगला तापलेला हवा (आमच्याकडे मातीचं खापर). भाकर टाकली की वरून पाणी फिरवा, ते सुकायच्या आत उलटा. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या आणि मग निखाऱ्यावर किंवा थेट गॅसवर फुगवा. रंग काळपट येतो. त्याला घाबरू नका.

घशाखाली उतरत नाही म्हणतात त्या बहुतेक जणी बटाट्याच्या कोरड्या भाजीबरोबर खातात. नागलीबरोबर काय खायचं ते आमच्या डोंगरानं ठरवून दिलंय. वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर राब भाजून (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून), पावसात चढावर वाकून पहिल्या वर्षी नागलीची रोपं लावतात. दुसऱ्या वर्षी त्याच तुकड्यात वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळे) आणि मग जमीन पडीक ठेवायची, अशी जुनी रीत. त्यामुळे भाकरीवर खुरासणीची चटणी असतेच. खुरासणी कोरडी भाजायची, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची, तिला स्वतःचं तेल सुटतं. शेजारी उडदाचं भुजं. सालीचे उडीद भाजून जात्यावर भरडायचे, पाखडून साल उडवायची, डाळ शिजवून घोटायची आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. नागलीत प्रथिनं 100 ग्रॅमला 7 ग्रॅमच, उडदाच्या डाळीत 23 च्या आसपास, म्हणून नुसती भाकर-चटणी पोट भरते पण पुरत नाही. नागलीतलं लोहही अंगी लागू द्यायला आंबटाची जोड लागते. अंबाडीची भाजी करा, नाहीतर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका.

बाळासाठी सत्त्व करतात. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पाकिटातलं महागडं सत्त्व आणणाऱ्या आया मी रोज बघते. रोळलेली नागली रात्रभर भिजवा, पाणी काढून ओल्या कापडात सैल बांधून टांगा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी, थंडीत आणखी एखाद्या दिवसानं पांढरे कोंब दिसतात. कोंब दाण्याएवढे झाले की पसरून वाळवा. आंबूस वास येत असेल किंवा बुरशीचे धागे दिसत असतील तर ते बाळाला नाही. वाळल्यावर तळहातांत चोळून कोंब झाडा, मंद आचेवर जेमतेम कोमट होईपर्यंत परता आणि दळा. बाळासाठीचं हे पीठ तेवढं वस्त्रगाळ करा.

खरपूस भाजू नका, याला कारण आहे. मोड आलेल्या दाण्यात पिष्ट मोडणारा पाचकरस तयार होतो आणि जास्त भाजलं की तो मरतो. बघायचं असेल तर साध्या नागलीच्या पिठाची पळीला चिकटणारी घट्ट पेज करा, खाली उतरवून जरा निवू द्या आणि त्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळा. बघता बघता ती पातळ होते आणि पळीवरून धारेनं पडते. पाणी न घालता पातळ झाली, म्हणजे बाळाच्या चिमुकल्या पोटात त्याच चार चमच्यांतून जास्त अन्न जातं. नंतर पुन्हा एक उकळी आणा, थेंबभर तूप घाला. सहा महिने पूर्ण झाल्यावरच हे द्यायचं आणि आईचं दूध चालूच ठेवायचं.

मधुमेहवाल्यांनी मात्र या सत्त्वाच्या वाटेला जाऊ नये, त्यातलं पिष्ट आधीच मोडलेलं असतं. त्यांनी भाकर खावी, तीही मोजून. नागली खाल्ली की साखर उतरते असं 2023 च्या भरडधान्य वर्षापासून जो तो सांगतो. मी नागलीच्या बिस्किटांची पाकिटं उलटून बघते, मागे मैदा आणि साखर नागलीच्या आधी लिहिलेली असते.

आंबील सोपी. दोन चमचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी पाणी-मीठ घालून शिजवा, वर ठेचलेला लसूण.

वरईचं थोडक्यात सांगते. उपासाची भगर म्हणून जी नाशिकच्या गिरण्यांतून येते, त्यातली बरीचशी हीच. तिला तूस असतं, ते काढावंच लागतं, पण शुभ्र पॉलिशची घेऊ नका, करडी मागा. वाटीला अडीच वाट्या पाणी घालून भातासारखी शिजवा. नवरात्र-महाशिवरात्रीला भगरीची विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्यात बुरशी लागलेला माल असतो. म्हणून भगरीचं सुटं पीठ बाजारातून कधीही आणू नका. दाणा आणा, निवडा, धुऊन वाळवा आणि लागेल तेवढंच घरी दळा. डब्यात ओल लागलेली किंवा कुबट वासाची भगर गुरांनाही घालू नका.

आणि भाव करताना जरा सांभाळून. 2025-26 साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये ठरला. आठवडे बाजारात दहा रुपये कमी करायला लावाल तेव्हा समोरच्या बाईनं ती रोपं पावसात एकेक करून लावलेली असतात.