जुन्या ट्रकचं टॅपेट सेटिंग: आवाज बंद झाला तर जास्त लक्ष द्या

टॅपेटची टकटक ऐकू आली की मालक गाडी लगेच मिस्त्रीकडे नेतो. आवाज नसेल तर नेत नाही, आणि पाच-सहा लाख किलोमीटर झालेल्या इंजिनाचं मोठं नुकसान नेमकं तेव्हाच होतं. टॅपेट सेटिंग म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप जुळवणं. गॅप वाढला तर आवाज येतो, ताकद थोडी कमी पडते, रॉकर आणि त्याला ढकलणारा पुशरॉड आपटून झिजतात. गॅप कमी झाला तर इंजिन उलट शांत वाटतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) जळत असतो.

याचं कारण सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडीवर टेकतो तिच्यात आहे. लाखो किलोमीटर सीटवर बसून-उठून व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये आत रुततो. तो जेवढा रुतेल तेवढी त्याची दांडी रॉकरकडे वर सरकते आणि गॅप खाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो बंद असताना सीटमार्गे हेडला जाते. गॅप संपला की तापून लांब झालेली दांडी त्याला नीट बसू देत नाही. मग फटीतून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागणं, सुरू झाल्यावर पांढरा धूर, आयडलला थरथर, ही त्याची लक्षणं. ही दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून तपासणी वेळेवर करावी.

उमरेड किंवा सावनेरकडून नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना कोळसा नेणाऱ्या गाड्या रांगेत उभ्या असतानाही इंजिन चालूच असतं. त्यामुळे मीटरवरचे किलोमीटर फसवतात. १००० तास, ४०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी भरेल तेव्हा टॅपेट बघा.

पुढची मापं टाटाच्या अनेक जुन्या ट्रकांत असलेल्या कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाची आहेत: इनलेट (हवा आत घेणारा) ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. मिस्त्रींच्या भाषेत दहा थाऊ आणि वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दुसऱ्या इंजिनाला ही मापं लावू नका. चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाची मापं आणि पद्धत वेगळी असते. त्या इंजिनाच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं मापच खरं धरा.

इंजिन थंड हवं, म्हणजे कूलंट ६० अंशांच्या खाली. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गाडी उभी केली तर इंजिन संध्याकाळपर्यंत गरम राहतं. म्हणून रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी, सेल्फ मारण्याआधी काम करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकांना उटी (अडवणारे ठोकळे), बॅटरीची केबल काढलेली. कव्हर उघडण्याआधी हेडच्या वरचा भाग डिझेल आणि ब्रशने धुऊन हवा मारा. कोळशाची भुकटी किंवा फ्लाय अ‍ॅश रॉकरवर पडली तर थेट ऑइलमध्ये जाते. या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरचं वेगळं कव्हर असतं, एकूण सहा. गॅस्केट चिरलं असेल तर तेव्हाच बदला.

एक सक्त सूचना. रॉकर स्टँडला धरून ठेवणारे मोठे बोल्ट हेडचेही बोल्ट आहेत. टॅपेट सेटिंगमध्ये त्यांना हात लावायचं कारण नाही.

आता पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन सर्वांत वर. गिअर हाउसिंगवर टायमिंग पिन असते. इंजिन फ्लायव्हील हाउसिंगमधल्या भोकातून बारिंग टूलने (इंजिन हाताने फिरवायचं हत्यार) सावकाश फिरवा आणि पिन हलकेच दाबत राहा. ती कॅम गिअरच्या भोकात आत गेली की समजा पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला. लगेच पिन बाहेर ओढा. पिन आत राहिली आणि कोणी इंजिन फिरवलं तर ती तुटते. जुन्या गाड्यांत ती आधीच तुटलेली असणं नेहमीचं आहे. तेव्हा सहाव्या सिलिंडरचे रॉकर बघा: एक्झॉस्ट मिटत असताना इनलेट उघडायला लागला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी किंचित हलले, की पहिला कॉम्प्रेशनवर. पहिल्याचे दोन्ही रॉकर बोटाने थोडे हलायला हवेत. टाईट झालेल्या व्हॉल्व्हवर मात्र ते हलणार नाहीत, म्हणून सहाव्याकडचीच खूण भरवशाची.

व्हॉल्व्हची क्रमवारी पुढून मागे इनलेट-एक्झॉस्ट, इनलेट-एक्झॉस्ट अशी आहे. शंका असेल तर मॅनिफोल्ड पाहून ठरवा. या जागी इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ करा. मग क्रँक पुलीवर खडूची खूण करून इंजिन बरोबर एक पूर्ण फेरी फिरवा. तिथे इनलेट ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. मोजणीत गोंधळ होत असेल तर १-५-३-६-२-४ या क्रमाने एकेक सिलिंडर घ्या आणि त्याच्या जोडीदाराचे रॉकर हलताना पाहा. जोड्या १-६, ५-२ आणि ३-४. वेळ जास्त लागतो, पण चूक होत नाही.

नट सैल करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हचा सध्याचा गॅप मोजून लिहा. हे बहुतेक जण टाळतात, आणि इंजिनाची खरी हकीकत या बारा आकड्यांतच असते. मग लॉकनट सैल करून, रिंग पाना नटावर ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. फिलर (गॅप मोजायचं पातळ पातं) हलक्या ओढीने सरकला पाहिजे, अडकू नये. नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतोच, त्यामुळे स्क्रू घट्ट धरून नट २४ न्यूटन-मीटरने आवळा आणि फिलर पुन्हा घाला. एक्झॉस्टला ०.५० चं पातं चालतं. दोन पाती जोडून माप करू नका, मधल्या ऑइलच्या थराने ते चुकतं. शेवटी उलटी खात्री करा: एक्झॉस्टला ०.५५ चं पातं, इनलेटला ०.३० चं पातं शिरता कामा नये.

जास्त चाललेल्या इंजिनात आणखी एक फसवणूक असते. रॉकरचं टोक जिथे व्हॉल्व्हवर टेकतं तिथे खळगा पडतो. सपाट फिलर त्या खळग्यावर पूल बांधतो आणि आतली पोकळी मोजतच नाही. खळगा ०.१० मिमी असेल तर फिलर ०.५० सांगतो, खरा गॅप ०.६० असतो. सेटिंग करूनही आवाज जात नसेल तर रॉकरचं टोक बोटाने चाचपा. खळगा लागला तर रॉकर बदला, किंवा तोपर्यंत डायल गेजने मोजा. आवाज घालवण्यासाठी अंदाजाने गॅप कमी करणं हा मात्र व्हॉल्व्ह जाळण्याचा सोपा मार्ग आहे.

लिहिलेल्या आकड्यांवरून पुढचं ठरतं. एखाद्याच व्हॉल्व्हचा गॅप एकदम वाढला असेल, समजा ०.५१ चा ०.९०, तर पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा. तो सरळ असेल तर त्याच्या खालचा फॉलोअर आणि त्याला उचलणारा कॅमचा लोब (उंचवटा) तपासा. सगळे थोडे-थोडे मोकळे झाले असतील तर ती साधी झीज, सेट करा आणि चालवा. एकच एक्झॉस्ट दर वेळी टाईट सापडत असेल तर त्याची सीट रुतत आहे. तीन नोंदींत तोच व्हॉल्व्ह टाईट आला तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. त्या सिलिंडरचं प्रेशर इतरांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह बदला. तुकडा तुटून पिस्टनवर पडण्याची वाट पाहू नका.