कौतुक त्याच दिवशी, नेमक्या कामाचं

महिनाअखेरीस सगळ्यांना एकदमच 'छान काम केलं' म्हटलं, तर ते कुणाच्याच मनाला भिडत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी खिशात छोटी वही ठेवतो. कुणी नेमकं काय चांगलं केलं, ते नावासकट एका ओळीत टिपायचं. सुट्टी होण्याआधी त्याच्या मशीनपाशी जाऊन तेवढंच सांगायचं: "भाऊ, पारा ४५ वर जायच्या आत तुम्ही गाडी खाली करवून घेतली, पोरं उन्हातून वाचली."

लगेच पुढचं काम सांगू नका, कौतुकाची किंमत तिथेच जाते.

शनिवारी वही चाळा. ज्याचं नाव आठवडाभर आलं नाही, त्याच्याकडे सोमवारी आधी जा. बहुतेकदा त्याचं काम आपल्याच नजरेतून सुटलेलं असतं. चूक दाखवायची ती वेगळ्या वेळी, एकट्यात.