परसदारी ओटा बांधताय? आधी खर्चाचा हिशेब असा मांडा

घरामागच्या मोकळ्या जागेत बसाउठायला ओटा बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: स्क्वेअर फुटाला काय भाव पडेल? कुणी आकडा सांगितला तरी त्यावर बजेट ठरवू नका. ओट्याचा पैसा वर दिसणाऱ्या फरशीत कमी जातो. पाया, भराव आणि मजुरी यांतच तो जास्त मुरतो, आणि हे सगळं अवलंबून असतं ते उंचीवर आणि खालच्या मातीवर. म्हणून हिशेब खालून वर करत जावा.

उदाहरणाला 15 फूट लांब, 10 फूट रुंद ओटा घेऊ. लांब बाजू घराला लागून, उंची दीड फूट, चढायला दोन पायऱ्या.

जागा आणि परवानगी

टेप घेण्याआधी जमिनीखाली काय आहे ते बघा. परसदारी हमखास ड्रेनेजचं चेंबर, शोषखड्डा, नाहीतर पाण्याची जुनी पाइपलाइन असते. चेंबर ओट्याखाली गाडलं तर पहिल्याच तुंबण्याला फरशी फोडावी लागते. त्यामुळे चेंबरच्या भिंती ओट्याच्या पातळीपर्यंत चढवून नवं झाकण बसवण्याचा खर्च आत्ताच धरा. शोषखड्ड्यावर भराव टाकू नका, ओट्याचा आकार बदला.

नगरपालिका हद्दीत ओटा सामासिक अंतरात (घर आणि प्लॉटची हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा) येत असेल तर माल मागवण्याआधी बांधकाम विभागात विचारून घ्या. पुढे वर पत्रा टाकायचा विचार असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण छप्पर आलं की नियम बदलतात.

उंची ठरवा, मग माप घ्या

ओट्याची वरची पातळी घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली हवी. जोतं दोन फूट असेल तर घराकडे ओटा दीड फुटाचाच ठेवा. जोत्याच्या बरोबरीने किंवा त्याच्या वर भराव गेला की ओल भिंतीत चढते, आतल्या खोलीचा रंग फुगतो आणि दुरुस्तीचा खर्च ओट्याच्या पुढे जातो. घराकडून बाहेर 10 फुटांत दीड इंच उतार द्या.

या मापाच्या ओट्याची उंची अर्ध्या फुटाने वाढवली तर सुमारे पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम, 180-190 विटा, एक जास्तीची पायरी आणि दोन-तीन बिगारींची मजुरी वाढते. बजेट ताणलं जात असेल तर आधी उंची कमी करा. फरशी हलकी घेऊन वाचतं त्याहून जास्त तिथे वाचतं.

मालाचा अंदाज

जमीन मुरमाड असेल तर तीन बाजूंना दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर पुरतो. त्यात चार इंच पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट), वर नऊ इंची विटांची भिंत. आतल्या जागेतली गवत-मुळांसकट सहा इंच माती काढून टाकायची, मुरूम भरायचा, त्यावर पुन्हा चार इंच पीसीसी आणि मग फरशी. चौथ्या बाजूला घराची भिंत आहे म्हणून तिच्यात विटा गुंतवू नका. घर आधीच बसलेलं असतं, ओटा नंतर बसतो, आणि जोड दिलेल्या जागी तडा जातो. अर्धा इंच फट ठेवून ती डांबरी सीलंटने भरा.

या हिशेबाने माल असा लागतो:

- मुरूम: आतली जागा 125 चौरस फूट, दाबून झाल्यावर भराव 177 घनफूट. मुरूम दाबला की बसतो, म्हणून मागवायचा सव्वादोन ब्रास.
- विटा: पायऱ्या धरून 69 घनफूट बांधकाम, घनफुटाला 14 वीट आणि तूटफूट धरून 1000.
- सिमेंट: पीसीसीला (1:4:8, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी) 6 गोणी, बांधकामाला (1:6) साडेतीन, फरशीखालचा माल आणि रबडी (सिमेंटचं पातळ कालवण) मिळून 4, बाहेरच्या गिलाव्याला 1. हाताशी एखादी जास्त असावी म्हणून 16.
- क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू): 1 ब्रास.
- खडी, 20 मिमी: पाऊण ब्रासच्या आत.
- शहाबादी फरशी: पायऱ्यांसकट 164 चौरस फूट, कटिंगचे 10 टक्के धरून 180.

काळ्या मातीत हा हिशेब चालत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं बांधकाम हलवते. तिथे मुरूम लागेपर्यंत चर खणावा लागतो, मग तो तीन फूट असो की चार. चराच्या वाढलेल्या प्रत्येक फुटामागे 25 घनफूट बांधकाम, म्हणजे साडेतीनशेवर विटा वाढतात. त्यामुळे भाव विचारायच्या आधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघाच. खणून निघालेली काळी माती भरावात परत टाकू नका. ती उचलून नेण्याचा खर्चही मांडा. कोकणात विटेच्या जागी चिरा (जांभा दगड) धरा, भाव नगावर असतो.

भाव भरा

भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे फक्त मांडणी समजण्यासाठी आहेत. समजा सिमेंट 380 रुपये गोणी, वीट 9 रुपये, मुरूम पोहोच 2500 रुपये ब्रास, क्रश सँड 5000, खडी 4000 आणि फरशी 40 रुपये फूट. मालाचे होतात सुमारे 36 हजार. मजुरीत गवंड्याचे 8 रोज आणि बिगाऱ्यांचे 20 रोज धरा. 1000 आणि 650 च्या रोजाने 21 हजार. एकूण 57 हजार, त्यावर 10 टक्के अडीअडचणीला, म्हणजे 63 हजारांच्या आसपास. यात फरशीचा वाटा सात हजारच आहे.

सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन हाताशी असेल तर ते बाजूला ठेवून नवं घ्या, आणि सांगितलेला भाव करासकट आहे का, उतराई धरून आहे का, हे विचारा.

माल उतरवून घेताना

बजेट कागदावर बरोबर असूनही इथे हुकतं. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण ट्रॉलीला सरसकट ब्रास म्हणायची पद्धत आहे. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करा. 9 फूट लांब, 5 फूट रुंद ट्रॉलीत माल दीड फूट असेल तर ते साडेसदुसष्ट घनफूट भरतात. ब्रासच्या पैशात पाऊण ब्राससुद्धा पदरात पडत नाही. मधे ढीग आणि कडेला खोलगट असेल तर सपाट करायला लावून मोजा. वाळू किंवा क्रश सँड ओलसर असेल तर ती फुगलेली असते, 20-25 टक्क्यांपर्यंत, म्हणून कोरडी असतानाच घ्या.

विटा दोन-चार उचलून एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाज आला तर वीट कच्ची.

कुठे पैसे वाचवू नयेत

भरावाची दाबाई. मुरूम एकदम ओतून वरवर पाणी मारलं की मजुरीचे दोन-तीन रोज वाचतात, आणि वर्षभरात फरशी मधोमध खचून पोकळ वाजू लागते. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकणं. मग पुढचा थर. घाई नसेल तर पाया आणि भराव मे महिन्यात उरकून एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या, आणि पीसीसी-फरशी दिवाळीच्या सुमारास करा. भराव पूर्ण बसतो आणि मजुरीचा खर्चही दोन हप्त्यांत विभागला जातो.

वाळवीचं औषध भरावावर, पीसीसीच्या आधी. पीसीसी आणि बांधकामावर निदान सात दिवस पाणी. पाणी विकत घेत असाल तर एक टँकर हिशेबात लिहा.

फरशी मात्र खडबडीत घ्या. पॉलिश केलेली शहाबादी किंवा कोटा पावसात घसरते आणि महागही पडते. कडेची फरशी भिंतीबाहेर इंचभर काढली की पाणी गिलाव्यावर ओघळत नाही.

अलीकडे लाकडी डेकची चौकशी बरीच होते. आपल्या पावसात आणि वाळवीत साधं लाकूड टिकत नाही. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या) पट्ट्या टिकतात, पण त्यांना खाली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट लागते आणि ती बहुतेकदा भावात धरलेली नसते. तुलना करताना चौकट, क्लिप आणि फिटिंगसह भाव मागा.

ठेका आणि पैसे

एवढ्या कामाला माल तुमचा आणि मजुरी उक्ती, हे सगळ्यात बरं. उक्त्यात खोदाई, भराव, दाबाई, पाणी मारणं आणि राडारोडा उचलणं धरलेलं आहे का, ते कागदावर लिहून घ्या. वाद नेहमी शेवटच्या दोन गोष्टींवरून होतात. पैसे चार टप्प्यांत द्या: जमिनीपर्यंत पाया आल्यावर, भराव झाल्यावर, फरशी बसल्यावर आणि शेवटचे 10 टक्के तपासणीनंतर. तपासणी सोपी आहे. घराच्या कडेला तीन-चार बादल्या पाणी ओता. सगळं बाहेरच्या कडेने निघून गेलं पाहिजे. जिथे थांबेल तिथली फरशी उचलून पुन्हा बसवायला सांगा, आणि प्रत्येक फरशी काठीने ठोकून पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खडूने खूण करा. त्या बदलल्या की हिशेब पुरा करा.