जुन्या घरांची वस्ती जपताना: यादीपासून पन्हळीपर्यंत

कामाची सुरुवात जपायच्या घरांच्या यादीने होते, पण यादी जाहीर करायची घाई करू नका. ‘या घरांवर आता बंधनं येणार’ अशी कुणकुण लागली की काही मालक बंधनं लागू होण्याआधीच घर पाडून मोकळे होतात. जगभर हे वारंवार घडलेलं आहे. म्हणून कच्ची यादी प्रसिद्ध होईल त्याच दिवशी त्यातल्या घरांच्या पाडकामाला तात्पुरती स्थगिती लागू होईल, असा आदेश अधिकाऱ्यांनी आधीच तयार ठेवावा. ही व्यवस्था होईपर्यंत स्वयंसेवकांनी नोंदी गोळा कराव्यात, मालकांशी बोलावं, पण नावांची यादी फिरवू नये.

घराची नोंद

दोघांची जोडी करा: एकजण मोजमाप घेऊन लिहील, दुसरा फोटो काढेल. एका सकाळी सहा-आठ घरांपेक्षा जास्त घेऊ नका. शेवटच्या घरांच्या नोंदी उरकल्यासारख्या होतात आणि नेमक्या त्याच पुढे उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक घराला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक फोटो, नोंदपत्रक, नकाशा यांवर ठेवा. फोटो समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि जमल्यास उंचावरून छपराचा. चौकटीत 1 मीटरची पट्टी दिसली पाहिजे. उभं राहायची जागा नकाशावर खुणेने दाखवा, म्हणजे पाच वर्षांनी तिथूनच दुसरा फोटो काढता येईल. घराच्या आतले फोटो आणि कड्या-कुलपांचे तपशील सर्वांसाठी खुले करू नका.

नोंदपत्रकात दोन वेगळे दर्जे हवेत: घराचं महत्त्व किती आणि घराची अवस्था कशी. हे दोन्ही एकाच गुणात मिसळणं ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तसं केलं की वस्तीतलं सर्वांत जुनं, पण गळकं घर यादीच्या तळाशी जातं आणि नुकतं रंगवलेलं साधं घर वर येतं.

बांधकामाचं वर्ष ठोकून देऊ नका. जुने नकाशे, खरेदीखतं, कराच्या नोंदी यांत काय सापडलं ते लिहा आणि नसेल तर ‘अंदाजे’ म्हणून आधार नोंदवा. दारावरच्या दगडात कोरलेल्या एकट्या सालावरही विसंबू नये, कारण असे दगड दुसऱ्या इमारतीतून आणून बसवलेले असू शकतात.

मालक, भाडेकरू आणि कार्यालय

मालकाचे प्रश्न ठरलेले असतात: घर विकता येईल का, संडास-न्हाणी नवी करता येईल का, खर्च कोण देणार. याची उत्तरं अधिकाऱ्याच्या सहीने, एका पानावर, साध्या भाषेत लिहून द्या. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर निघून जातं. भाडेकरू असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला; गळती कुठे होते हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

परवानगीच्या तीन पायऱ्या ठेवा. पन्हळ साफ करणं, फुटलेलं कौल तसंच दुसरं घालून बदलणं, चुन्याची सफेदी अशा कामांना परवानगी नकोच. खिडकीची दुरुस्ती, मागच्या बाजूची छोटी भर अशा कामांना एका अधिकाऱ्याची ठरलेल्या दिवसांत मिळणारी मंजुरी. दर्शनी भाग बदलणं, मजला चढवणं, पाडणं हे मात्र समितीपुढे. एक कौल बदलायला आणि घर पाडायला सारखाच वेळ लागत असेल, तर लोक विचारायचंच सोडून देतात.

नियम एकेका घरापुरते न ठेवता संपूर्ण वस्तीला लावणं अधिक टिकतं. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने 1931 मध्ये असा जुन्या वस्तीचा विभाग आखला आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी मंडळ नेमलं. ब्रिटनने 1967 च्या कायद्याने संपूर्ण परिसराला संरक्षण देण्याची सोय केली. जपानमधल्या त्सुमागो गावच्या रहिवाशांनी 1971 मध्ये आपणच ठराव केला: घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. भाड्याबद्दलची अट सगळीकडे चालणार नाही. रिकाम्या घरापेक्षा भाडेकरू असलेलं घर केव्हाही बरं. पण ठराव रहिवाशांचा होता, यात त्याचं बळ आहे.

पाणी

निधी कितीही कमी असो, पहिला खर्च पाणी घराबाहेर काढण्यावर झाला पाहिजे. दर्शनी नक्षी, रंग, माहितीफलक हे सगळं नंतर.

गळती कोरड्या दिवशी शोधू नका. मोठ्या पावसात छत्री घेऊन गल्लीतून फिरा. कुठली पन्हळ मधूनच ओसंडते, कुठल्या पाइपचं पाणी जोत्यावर आदळतं, वळचणीचं पाणी कुठे साचतं, हे दहा मिनिटांत दिसतं. कोरड्या दिवसांत याच्या खुणा म्हणजे भिंतीवरचा हिरवा पट्टा आणि पाइपच्या सांध्याखालचा काळा ओघळ. पाइप भिंतीला अगदी चिकटवून बसवला असेल तर मागची बाजू गंजून फुटते आणि पुढून काहीच दिसत नाही. मागे हात घालून किंवा आरसा धरून पाहा. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा, पावसाळ्याच्या आधी आणि पानगळीनंतर. वर चढून करायचं काम स्वयंसेवकांनी शिडी बांधल्याशिवाय, खाली माणूस उभा केल्याशिवाय करू नये.

दुसरा शत्रू म्हणजे रस्ता. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला की रस्ता दर वेळी थोडा वर येतो. काही फेऱ्यांनंतर जोतं जमिनीत जातं, पायरी नाहीशी होते आणि पावसाचं पाणी उंबऱ्याकडे वळतं. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान 150 मिलिमीटर खाली हवी. हे काम मालकाच्या हातातलं नाही. रस्त्याच्या निविदेतच ‘जुना थर काढून मूळ पातळी राखावी’ ही अट घालून घ्या आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक उंबऱ्याची उंची मोजून लेखी द्या. भिंतीला खेटून केलेलं काँक्रीटही घातक आहे: जमिनीतला ओलावा तिथून उडू शकत नाही, मग तो भिंतीत चढतो. भिंतीलगत 300 मिलिमीटरची पट्टी उखडून तिथे खडी भरली, उतार बाहेरच्या बाजूला दिला, तर फरक पडतो. मात्र एका ऋतूत भिंत कोरडी होईल अशी अपेक्षा नको. जाड भिंत वाळायला वर्षं लागतात.

भिंतीत रुजलेलं झाड लहान असेल तर मुळासकट निघतं. मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका, चिरे निखळतात. बुंधा कापा, मुळं मारा आणि ती वाळल्यावर गवंड्याकडून तेवढा भाग उकलून पुन्हा बांधून घ्या.

चुना

चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटच्या दरजा (विटा-चिऱ्यांमधले भरलेले सांधे), ही चांगल्या हेतूने होणारी सर्वांत मोठी नासाडी आहे. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. त्याआधीची घरं चुना किंवा मातीत उभी आहेत आणि त्यानंतरचीही पुष्कळ. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ असते. भिंत थोडी हलली तर ती हालचाल दरजेत जिरते, ओलावाही दरजेतून उडून जातो. सिमेंट दोन्ही वाटा बंद करतं. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागतं, त्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा गळतो. दरज ताठ उभी आणि वीट आत खचलेली दिसली, की कारण हेच.

आधी जुना चुना तपासा. बिघाड नसलेल्या जागेतून, खोलवरून अंगठ्याएवढा तुकडा घ्या, चुरा करा आणि पातळ आम्लात टाका. चुना विरघळतो, वाळू खाली राहते. ती धुऊन, वाळवून तिचा रंग आणि कणांचा आकार पाहा. नव्या मिश्रणाला तशीच वाळू शोधायची आहे. वाळूत शिंपल्याचे किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात, म्हणून एक तुकडा न बुडवता भिंगाखाली पाहून ठेवा. चष्मा आणि हातमोजे घाला, उघड्यावर करा, आणि आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओता, उलट नाही.

साधं प्रमाण मापाने 1 भाग चुन्याचा मुरवलेला लगदा आणि 3 भाग धुतलेली, लहानमोठ्या टोकदार कणांची वाळू. कोरड्या वाळूत सुमारे एक तृतीयांश जागा पोकळ असते, ती भरायला लागतो तेवढाच चुना. लगदा किमान तीन महिने पाण्याखाली मुरलेला हवा. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत जातं. कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला) स्वतः विरवत असाल तर चुना थोडा थोडा पाण्यात टाका. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांत गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

दरजा भरताना जुना भाग दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिलिमीटर खोल काढा. छिन्नी-हातोडीने काढा, फिरत्या चकतीच्या यंत्राने विटेच्या कडा कापल्या जातात आणि त्या पुन्हा येत नाहीत. जुन्या सिमेंटची दरज निघताना वीटच तुटत असेल तर थांबा, ती तशीच राहू द्या. सांधा ब्रशने झाडा, पाण्याने ओला करा, मग चुना मागपर्यंत दाबून भरा. थोडा घट्ट झाला की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग मोकळा करा. गिलाव्याचा थर एका वेळी 8 ते 10 मिलिमीटरपेक्षा जाड नको.

इथपर्यंत सगळं नीट करून काम बिघडतं ते वाळण्यात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला काही दिवस ओलसर राहावं लागतं. उन्हात झटकन सुकला तर पांढरट भुकटी होऊन बोटाला लागतो. ओलं गोणपाट समोर टांगा, दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी फवारा. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नका. आतपर्यंत पकडला का, हे पाहायला लहानसा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाका. गुलाबी झाला तर अजून कच्चा आहे.

वरून प्लॅस्टिक रंग लावला तर ही मेहनत वाया जाते. दुधाइतक्या पातळ सफेदीचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हाताआधी भिंत ओली करून.

लाकूड आणि भेगा

तुळई मधोमध क्वचित कुजते; ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाशी. दाभण घेऊन तिथे टोचा. सहज आत गेलं तर आतलं लाकूड गेलेलं आहे. ओलावामापक असेल तर 20 टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे बुरशीला आमंत्रण. पूर्ण तुळई बदलायची गरज फारच कमी वेळा असते: कुजलेलं टोक निरोगी लाकडापर्यंत कापा, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती हवेला जागा सोडा. सांधा किती लांब, पट्ट्या-बोल्ट किती, हे अभियंत्याने ठरवायचं. टेकू लावताना तो खालच्या प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत, जमिनीपर्यंत न्या. नाहीतर वरचं ओझं खालच्या फळ्यांवर येतं.

भेग दिसली की बुजवू नका, आधी मोजा. दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, मापनपट्टी चिकटवा आणि वर्षभर दर महिन्याला वाचन घ्या. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडणारी भेग आणि एकाच दिशेने वाढत जाणारी भेग, यांवर उपाय वेगळे आहेत. विटांच्या घरांसाठी वापरली जाणारी ढोबळ मोजणी अशी: 1 मिलिमीटरपर्यंत किरकोळ, 5 पर्यंत बुजवण्याजोगी, 5 ते 15 असेल तर दारं-खिडक्या अडकू लागतात, 15 च्या वर मोठी दुरुस्ती, 25 च्या वर भिंत कोसळण्याचा धोका. वाढणारी भेग बारीक असली तरी अभियंत्याला दाखवा.

‘धोकादायक’ नोटीस

नोटीस निघाली की वेळ दिवसांत मोजावा लागतो. फक्त काँक्रीटच्या इमारती पाहिलेला अभियंता चुना-लाकडाच्या घराला सरसकट ‘पाडा’ म्हणण्याची शक्यता असते, म्हणून जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या दोन-तीन अभियंत्यांची नावं कार्यालयाने आधीच मान्य करून ठेवावीत. नोटिशीत तीन प्रश्नांची उत्तरं मागा: नेमका कुठला भाग धोक्यात आहे, टेकू देऊन तो थांबतो का, आणि तेवढाच भाग उतरवला तर बाकीचं घर उभं राहतं का. माणसांचा जीव आधी. रहिवाशांना हलवायचं असेल तर हुज्जत घालू नका, पण परत येण्याचा हक्क लेखी घ्या. भाग उतरवावाच लागला तर प्रत्येक चिरा, वासा, चौकट यांवर क्रमांक टाका, क्रमांकासह फोटो काढा आणि सामान छपराखाली, जमिनीपासून उचलून रचा.

बंद पडलेल्या घराचं पाणी आणि वीज मुख्य जोडणीपासून तोडा, छपराची भोकं बुजवा, दारं-खिडक्या फळ्यांनी बंद करा, पण प्रत्येक मजल्यावर जाळी लावलेले झरोके ठेवा. हवाबंद घर आतून कुजतं. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुणीतरी आत चक्कर मारलीच पाहिजे.

पैशाची एक पद्धत उपयोगी ठरली आहे: फिरता निधी. संस्था पडकं घर विकत घेते, छप्पर आणि सांगाडा नीट करते, खरेदीखतात जपणुकीच्या अटी घालून विकते आणि तोच पैसा पुढच्या घराला लावते. चार्ल्सटनमध्ये 1950 च्या दशकाच्या अखेरीस एक अख्खा मोहल्ला असा सावरला. अटी खतात नसतील तर पुढचा मालक मोकळा होतो, एवढं वकिलाकडून पक्कं करून घ्या.

प्रत्येक घराच्या फाइलमध्ये दुरुस्तीची वही असू द्या: तारीख, कुठली भिंत, चुना-वाळूचं प्रमाण, वाळू कुठली, काम कुठल्या गवंड्याने केलं, त्या आठवड्यात पाऊस होता की ऊन. एक प्रत मालकाकडे, एक कार्यालयात.