स्लॉट कार रेसिंग: सुरुवात कशी करावी

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवर पळणारी विजेची खेळण्यातली गाडी. तिला स्टिअरिंग नसतं. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि गाडीच्या पुढच्या भागाखालची छोटी पाती त्या खाचेत बसते. वळवायचं काम तीच करते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज येते, आणि हातातला ट्रिगर जितका दाबाल तितकी मोटर जोरात फिरते. म्हणजे सगळा छंद एका बोटावर उभा आहे. नवीन माणूस मात्र आधी वेगवान गाडीवर पैसे घालतो. माझं सांगणं उलट आहे: साधा संच घ्या आणि बोट तयार करा.

हा खेळ घराघरांत नेला तो इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांच्या कारखान्यात ‘स्केलेक्स’ नावाच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या बनत. त्यांनी त्यांत विजेची मोटर बसवली आणि 1957 साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ म्हणून मांडल्या. आजही सुरुवातीला बहुतेकांच्या हाती स्केलेक्स्ट्रिक नाहीतर मूळची जर्मनीची करेरा, यांपैकीच एखादा संच येतो.

संच निवडताना 1:32 हे माप घ्या. या मापात साडेचार मीटरची खरी गाडी चौदा सेंटीमीटरची होते. हातात धरायला, उघडून दुरुस्त करायला सोयीची. 1:43 लहान मुलांसाठी बरं. एचओ नावाचं माप त्याहून लहान, जागा कमी लागते, पण त्या गाड्या इतक्या झपकन जातात की ट्रिगरवरचा ताबा शिकणं अवघड होतं. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाणाऱ्या डिजिटल गाड्या पुढच्या वर्षासाठी ठेवा.

आपल्याकडे असे संच पुष्कळदा परदेशातले नातेवाईक आणतात. अमेरिकेतून आला असेल तर ॲडॅप्टरवर ‘इनपुट’पुढे काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथला 120 व्होल्टचा ॲडॅप्टर आपल्या 230 व्होल्टवर जळतो. 100 ते 240 लिहिलं असेल तर काळजी नाही, फक्त पिन बदलणारा प्लग लागेल.

ट्रॅक मांडताना सतरंजी, गालिचा टाळा. मी पहिल्यांदा सतरंजीवर मांडला होता. तासाभरात गाडी कण्हायला लागली. उघडून बघतो तर मागच्या आसाला लाल सुताचा आटोपशीर गुंडाळा झालेला, चिमट्याने एकेक धागा काढावा लागला. फरशी चांगली, आणि प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता मिळाला तर त्याहून उत्तम.

पहिला आकार इंग्रजी आठचा करा. लंबगोलात आतली लेन कायम आत राहते. दोन खाचांत साधारण आठ सेंटीमीटरचं अंतर धरलं तर बाहेरच्या गाडीला दर फेरीला जवळजवळ अर्धा मीटर जास्त पळावं लागतं. आठच्या आकारात दोन्ही लेन आळीपाळीने आत-बाहेर होतात आणि हिशेब बरोबरीला येतो.

गाडी तयार करताना ती उलटी धरा. पातीच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या, वेणीसारख्या विणलेल्या दोन पट्ट्या दिसतील. त्यांना ब्रेड म्हणतात. ट्रॅकमधून वीज उचलतात त्या याच. गाडी अडखळत असेल तर मोटरला दोष देण्याआधी इथे बघा, दहातल्या आठ वेळा दुखणं इथलंच असतं. ब्रेड सपाट हव्यात, टोकाला किंचित पसरलेल्या आणि थोड्या खाली झुकलेल्या. फार खाली वाकवल्या तर गाडीचं नाक उचललं जातं आणि पाती खाचेतून निसटते. दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर शॉर्ट होतो.

मागचे टायर सेलोटेपच्या चिकट बाजूवर फिरवा, धूळ निघते. आसाच्या टोकांना तेल सुईच्या अग्रावर मावेल एवढंच. टायरला लागलं तर पकड गेली.

आता बोट. पहिल्या दिवशी शर्यत लावू नका. एकट्याने, गाडी ट्रॅकबाहेर न उडवता वीस फेऱ्या पूर्ण करा. ट्रिगर वळणात सोडायचा नसतो, वळणाआधी सोडायचा असतो. गाडी संथ आत शिरते, मधोमध असताना हलकेच दाबायला सुरुवात करायची, आणि नाक सरळ झालं की पूर्ण दाबायचं. हे जमलं की आवाजच बदलतो: तुटक घरघर जाऊन एक सलग लय येते. ती लय कानात बसली की गाडीकडे टक लावून बघायची गरज राहत नाही.

मग मॅग्नेट काढा. बहुतेक गाड्यांच्या पोटात एक चुंबक असतो, तो ट्रॅकच्या पट्ट्यांना ओढून गाडी खाली धरतो आणि तुमच्या चुका झाकतो. तो काढला की गाडीची शेपटी वळणावर खऱ्या गाडीसारखी घसरते. पहिले दोन दिवस वैताग येईल, पण माझ्या मते खरी मजा इथूनच आहे.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत ट्रॅकच्या पट्ट्यांवर गंज धरतो. खेळण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं सुती फडकं फिरवा. वीज बंद ठेवून, आणि पुरतं वाळल्यावरच चालू करा. फडकं काळं निघतं ते बघितलं की गाडी मधेच का थांबत होती ते कळतं. ट्रॅक गुंडाळून ठेवताना पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

चार जण जमले की दोघांनी चालवायचं आणि दोघांनी वळणांवर बसायचं. उडालेली गाडी उचलून परत ठेवणाऱ्याला मार्शल म्हणतात. त्याने गाडी तिच्याच खाचेत ठेवायची, आणि शेजारची गाडी येत असेल तर ती जाऊ द्यायची. तीन मिनिटांनी लेन बदला, त्यानंतर मार्शल आणि चालक बदला, आणि दोन्ही लेनमधल्या फेऱ्यांची बेरीज करा.