एन्कार्सिया सोडणार असाल तर खालची पानं तोडू नका

मागच्या हंगामात टोमॅटोत पांढऱ्या माशीची पिल्लं मारणारी इवलीशी गांधीलमाशी, एन्कार्सिया फॉर्मोसा, मी वेळेवर सोडली आणि तीन आठवड्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर टाकून दिली. म्हणून यावेळी सगळ्यात आधी हेच लिहितो: खालची पानं काढायची नाहीत. का ते पुढे सांगतो.

आधी पांढरी माशी कोणत्या जातीची ते बघा. बसल्यावर पंख छपरासारखे उतरते आणि दोन पंखांमध्ये फट दिसत असेल तर ती बेमिसिया. तिच्यासाठी इरेटमोसेरस ही दुसरी गांधीलमाशी मागवा. एन्कार्सियाचं खरं काम ‘हरितगृहातली पांढरी माशी’ या दुसऱ्या जातीवर.

मग फवारणीची नोंदवही काढा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा अंश पानांवर कित्येक आठवडे राहतो आणि तेवढा एन्कार्सियाला मारायला पुरतो. नोंद नसेल तर सोडूच नका.

पांढरी माशी तुरळक असतानाच एन्कार्सिया मागवा. माशीच्या गोड स्रावाने (चिकट्याने) पानं चिकट झाली, वर काजळी धरली, म्हणजे उशीर झाला. जेमतेम ०.६ मिमीची ही गांधीलमाशी. पायांना चिकटा लागला की अंग साफ करण्यातच तिचा वेळ जातो, पिल्लं शोधायची राहतात. १८ अंशांखाली ती फारशी उडतही नाही. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्या चिकट्यासाठी पांढऱ्या माशीची राखण करतात. एन्कार्सियाचे नर दिसत नाहीत म्हणून मात्र घाबरू नका. वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे मादी नराशिवाय मादीच जन्माला घालते.

आता खालची पानं. पांढरी माशी अंडी घालते शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. पिल्लं एका जागी चिकटून वाढतात आणि तोवर झाड वर निघून जातं. एन्कार्सियाला अंडं घालायला आवडतात ती तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतली पिल्लं, म्हणजे तेव्हा खाली गेलेल्या पानांवरची. (लहान पिल्लांना ती नुसती टोचून त्यांचा रस पिते, तीही मरतात.) अंड्यापासून नवी गांधीलमाशी बाहेर पडायला उष्णतेप्रमाणे दोन ते तीन आठवडे लागतात. त्यातला बराचसा काळ ती काळ्या पडलेल्या पिल्लाच्या आत असते. म्हणजे तुमची पुढची सगळी पिढी सर्वांत जुन्या पानांवर बसलेली असते, आणि हवा खेळावी म्हणून आपण नेमकी तीच पानं तोडून बाहेर नेतो. मी तेच केलं. ढिगातलं एक पान सहज उलटून पाहिलं, तर मागची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली!

तेव्हा तोडण्याआधी पान उलटा आणि १० पटींचं भिंग लावा. काळा कोष अखंड असेल तर पान झाडावरच ठेवा. गोल भोक दिसलं तर गांधीलमाशी निघून गेली, पान तोडा. टी अक्षरासारखी चीर दिसली तर तिथून पांढरी माशीच निघाली. रोगासाठी पान काढावंच लागलं, तर काळे कोष असलेली पानं आठवडाभर झाडांच्या बुंध्याशी पडू द्या.

बाकी थोडक्यात. एन्कार्सियाचे कोष चिकटवलेली कार्डं आल्या दिवशीच सावलीत, पानांच्या आड टांगा. एकदा सोडून भागत नाही, दर आठवड्याला सोडा. पिवळे सापळे कमी ठेवा, त्यांना याही चिकटतात.

आणि पानं काढायला येणाऱ्या प्रत्येकाला काळा कोष भिंगातून दाखवा. नुसतं सांगू नका, दाखवा.