स्पोर्ट्स बाइकचे टायर बदलताना: आधी रिम बघा, मग रबर

मागचा टायर गोटा झाला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "यात जाडातला जाड कुठला बसेल?" तिथेच गाडी चुकते. आर१५, आरसी २००, आरसी ३९०, अपाचे आरआर ३१०, निंजा ३०० या गाड्यांना कंपनीने दिलेली साइज पैसे वाचवायला दिलेली नसते. रिमची रुंदी, चेन आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मधली जागा, पुढच्या फोर्कचा (चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कोन, एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) गणित हे सगळं त्या आकड्यांवर बेतलेलं असतं. म्हणून निवड रिमपासून सुरू करायची. कंपनीचं नाव आणि किंमत त्यानंतर.

टायरवरचे आकडे

आरसी ३९० किंवा आरआर ३१०च्या मागच्या टायरवर '१५०/६० आर१७ ६६एच' असं काहीसं छापलेलं दिसेल. १५० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिमी. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे. त्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर तो बायस टायर, धागे तिरके. १७ हा रिमचा इंचातला व्यास. ६६ हा भार सांगणारा आकडा, त्याचा अर्थ ३०० किलो. पुढच्या ११०/७० टायरवर बहुधा ५४ असतो, म्हणजे २१२ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: पी १५०, एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी ताशी.

भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. "गाडी कुठे २१०ने पळते?" हा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं, आणि मे महिन्यात भर दुपारी मागे माणूस आणि सामान घेऊन निघालात तर ती सोसण्याची ताकद ११०च्या वेगातही लागते.

जाड टायरचं गणित

चाकाच्या आरीवर किंवा रिमच्या कडेला '१७ × एमटी ४.००' असा शिक्का असतो. ४.०० ही रिमची इंचातली रुंदी. १५०/६० टायर साधारण ४.०० ते ४.५० इंची रिमसाठी बनतो. १६०/६०ला किमान सव्वाचार इंच लागतात. चार इंची रिमवर १६० चढवला तर तो चढतो, हवाही धरते. पण त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोकदार वर येतो. गाडी सरळ चालताना रस्त्याला टेकणारी पट्टी उलट अरुंद होते, आणि वळणावर गाडी एका लयीत झुकण्याऐवजी एकदम पडल्यासारखी वाटते. जाड टायर घेऊन पकड कमी, अशी गत.

दुसरी चूक उंचीची. आर१५ला मागे १४०/७० येतो, आणि 'आरसीसारखा दिसावा' म्हणून त्यात १५०/६० टाकणारे बरेच. हिशोब करून बघा. १७ इंच म्हणजे ४३२ मिमी. १४०/७०ची एका बाजूची उंची ९८, दोन बाजूंची १९६. एकूण व्यास ६२८ मिमी. १५०/६०ची दोन्ही बाजूंची मिळून १८०, एकूण ६१२. म्हणजे 'मोठा' टायर १६ मिमीने लहान निघाला आणि गाडीची मागची बाजू ८ मिमीने खाली बसली. मागे खाली म्हणजे पुढचा फोर्क आडवा होतो आणि गाडी वळायला आळशी होते. इंजिनही त्याच वेगाला अडीच टक्के जास्त फिरतं. एबीएस दोन्ही चाकांचा वेग ताडून पाहत असतं, त्यातही हा फरक शिरतो. उलट १५०/७० घेतला तर व्यास ६४२ होतो, मागची बाजू ७ मिमी वर जाते आणि टायर मडगार्डला किंवा चेनला घासण्याची भीती असते. वेगात आणि उष्णतेत टायर फुगतो, त्यामुळे उभ्या गाडीत जेमतेम सुटलेली जागा पुरत नाही.

थोडक्यात, स्विंगआर्मवरच्या स्टिकरची किंवा मॅन्युअलमधली साइजच घ्या. २०२४पर्यंतच्या पल्सर आरएस २००ला मागे १३०/७० होता, तर त्या गाडीला १३०/७०च. गाडी मागून सडपातळ दिसते ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर टायर हा इलाज नव्हे.

रेडियल, बायस आणि रबर

रेडियलची बाजू लवचीक असते आणि रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली पट्टे असतात, म्हणून तो झुकल्यावर रस्ता नीट धरतो आणि कमी तापतो. जोडी लावताना एक पथ्य: पुढे रेडियल आणि मागे बायस असं कधी करू नका. पुढे बायस आणि मागे रेडियल चालतं. आर१५ कंपनीतूनच तशी येते. दोन्ही टायर शक्यतो एकाच मॉडेलचे घ्या.

रबराच्या बाबतीत स्वतःशी खरं बोलावं लागतं. ट्रॅकसाठी बनलेला मऊ रबर तापल्याशिवाय चिकटत नाही, आणि घर ते ऑफिस या बारा किलोमीटरमध्ये तो तापत नाही. जुलैच्या पावसात तर नाहीच. ट्रॅकवर जाणार असाल तर त्याची वेगळी जोडी ठेवा. महाराष्ट्रात बारा महिने एकाच जोडीवर चालवायचं असेल तर स्पोर्ट-टूरिंग प्रकारचा रेडियल सगळ्यात शहाणपणाचा. २०२०मध्ये बीएस६ आरआर ३१०वर मिशेलिन रोड ५ आला तो याच जातीचा. त्याच्या रबरात सिलिका असते, ओल्या रस्त्यावर पकड तिच्यामुळे येते. पिरेलीची डायब्लो रोसो किंवा मेट्झेलरची स्पोर्टेक ही मालिका थोडी जास्त वळणप्रेमी. देशी पर्यायांत अपोलोचा अल्फा एच१ आणि टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम बघण्यासारखे.

ताम्हिणीत सावलीतल्या वळणावर शेवाळ धरलेलं असतं, आंबोलीत दरडीची लाल माती वाहून आलेली असते. तिथे कुठल्याच कंपनीचा रबर कामाला येत नाही. वेग कमी ठेवणं एवढंच.

रोजचं बहुतेक चालवणं सरळ रस्त्यावर असेल तर दुहेरी रबराचा टायर बघा: मध्ये कडक, कडांना मऊ. नाहीतर टायरचा मधला भाग सपाट होतो आणि कडेला पायरी तयार होते. वळणावर गाडी त्या पायरीवरून उतरताना अडखळते. खाचांमधल्या झिजेच्या खुणेला रबर टेकायचा बाकी असला, तरी ही पायरी बोटाला लागली की टायर बदलायची वेळ झाली.

जुना टायर फेकण्याआधी नीट बघून घ्या. पुढच्या टायरला लाटांसारखे चढउतार आले असतील तर हवा कमी राहिली आहे, नाहीतर फोर्कचं तेल, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) किंवा चाकाचं बेअरिंग गेलं आहे. ते दुरुस्त न करता नवा टायर टाकलात तर त्याचंही तेच होईल.

दुकानात

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हे आकडे बहुधा एकाच बाजूला छापतात, तेव्हा टायर उलटून बघा. जून २०२०पासून भारतात नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी टायर कधी कधी बरेच दिवस गोदामात पडून राहिलेला असतो. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सूट मिळत असली तरी सोडा. खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसल्या तर तारीखही बघू नका. आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ हा क्रमांक टायरवर हवा.

बसवताना उभं राहून बघा

टायर मशीनवरच उतरवा. पहार आणि हातोडा वापरणाऱ्याकडे अलॉयला ओरखडे पडतात, आणि चाक डिस्कवर आडवं टाकलं तर डिस्क वाकते. मग ब्रेक दाबला की लिव्हर थरथरतो.

टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. पुढच्या टायरची नक्षी बऱ्याचदा मागच्याच्या उलटी दिसते, म्हणून काही मेकॅनिक नजरेने 'जुळवून' ती उलटी बसवतात. पुढच्या टायरला मुख्य ओढ ब्रेकची, मागच्याला इंजिनची, म्हणून नक्षी उलट. बाणच प्रमाण माना. रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा. तो टायरचा हलका भाग. व्हॉल्व्ह नवाच टाका. कडेला साबणाचं पाणी लावावं; ग्रीस किंवा डिझेल लावलं तर जोरात ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो. हवा भरताना टायरची कड दोनदा 'टक' करून बसते. मग रिमजवळची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते फिरवून बघा. नसेल तर हवा सोडून पुन्हा.

बॅलन्सिंग करून घ्या. मागचं चाक बसवल्यावर चेनचा ताण मोजा आणि ॲक्सल मॅन्युअलमधल्या आकड्याइतका टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळून घ्या. गाडी हलवण्याआधी दोन्ही ब्रेक चार-पाचदा दाबा. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागे ढकललेले असतात. पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि तो दुकानाच्या दारातच गेलेला बरा.

हवा आणि पहिले दीडशे किलोमीटर

हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. बाजूवर छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, रोज भरायचं माप नव्हे. पंपावर हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात; मॅन्युअलमध्ये तो बारमध्ये दिला असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले १०० ते १५० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, हळूहळू झुकणं वाढवत काढा. एकदम ब्रेक आणि एकदम रेस टाळा. पावसाळ्यात बदलत असाल तर जरा जास्तच जपून. गाडी धुवायला दिलीत तर टायरला पॉलिश लावू नको असं आधीच सांगा. ते चकचकीत तेल कडेवरून खाचांमध्ये उतरतं आणि पहिल्याच वळणावर गाडी घसरते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी हवा पुन्हा मोजा. दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिमची कड गळते आहे, तशीच गाडी घेऊन परत दुकानात जा.